स्वप्नातला झुरका

लग्नघर होतं. मागच्या खोलीत गाद्यांची चवड, तिच्यावर कुणाकुणाच्या साड्या आणि लेकरांचे कपडे टाकलेले. बाहेर सनई. मी खिडकीशी उभी, हातात बोटभर लांबीचं, गुळगुळीत, कलिंगडाच्या वासाचं व्हेप. लांब झुरका घेतला, सावकाश सोडला, ढग गजांमधून बाहेर गेला. आणि मग आठवलं, आपण तर हे सोडलंय. पोटात खड्डा पडला. नऊ महिने एकेक करून मोजलेले दिवस एका झुरक्यात पाण्यात गेले. मागे वळले तर आई दारात उभी. ती काहीच बोलत नव्हती. हातातलं गादीखाली सरकवायला वाकले आणि जागी झाले.

पावणेपाच वाजले होते. घशात गारवा होता, अगदी खराखुरा. मी दिवा लावला, टेबलाचा खण उपसला, पर्स पलंगावर उलटी केली, जॅकेटचे खिसे चाचपले. थोडे सुटे पैसे, पार्किंगचं जुनं तिकीट, केसांची पिन. दुसरं काही नव्हतं. तरी खात्री पटेना. रात्री झोपेत उठून आपण कुठे गेलो तर नव्हतो ना, असं मनात आलं आणि मी जाऊन दाराची कडी बघून आले. कडी आतून लागलेली होती.

पहाटेची स्वप्नं खरी होतात, असं लहानपणापासून कानावर पडलेलं. त्या पहाटे मला त्या वाक्याची भीती वाटली.

हा लेख त्या पहाटेमुळे लिहिते आहे. व्हेप कसं सोडावं, हे सांगणारं बरंच काही मिळतं. पण सोडून सहा महिने, वर्ष झालं, सगळं सुरळीत चाललंय, आणि एखाद्या मंगळवारी दुपारी तलफ अशी काही उसळते की हात थरथरतो. किंवा रात्री असलं स्वप्न पडतं. याबद्दल कुणी बोलत नाही. जो तो समजतो की हे आपल्यालाच होतंय, म्हणजे आपलं सोडणंच कच्चं आहे. गेल्या दीड वर्षात पुण्यामुंबईतल्या, नाशिकच्या आणि परदेशी शिकणाऱ्या पंधराएक मराठी माणसांशी मी यावर बोलले. नाव घालू नका, ही विनंती जवळजवळ सगळ्यांनी केली. सोडलेलं घरी माहीत नाही, कारण धरलेलंच कुणाला माहीत नव्हतं.

व्हेपची सगळी ताकद याच लपण्यात आहे. सिगारेटचा वास केसांत बसतो, बोटांना लागतो, आई दार उघडताच ओळखते. व्हेपचा वास फळाचा, तोही दोन मिनिटांत उडून जातो. मी रात्रपाळीच्या नोकरीत असताना एका मैत्रिणीच्या हातून पहिला झुरका घेतला तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती. वर्षभरात अशी वेळ आली की सकाळी डोळा उघडायच्या आधी उशीखाली हात जायचा.

सिगारेट निदान संपते. ती विझवावी लागते, थोटूक टाकावं लागतं, दुसरी पेटवायची तर पुन्हा काडी ओढावी लागते. त्या तेवढ्या खटाटोपात माणूस एकदा तरी स्वतःकडे बघतो. व्हेपला शेवटच नाही. एक झुरका, फोन, एक झुरका, ईमेल, दोन झुरके, जिना. किती ओढलं याचा हिशेब लागत नाही. त्यातून निकोटिनचा क्षार. साधं निकोटिन तीव्र झालं की घसा खरवडतं. त्यात बेंझॉइक आम्ल मिसळून क्षार केला की तेच निकोटिन घशाला मऊ लागतं. २०१५ साली अमेरिकेत आलेल्या ‘जूल’ने ही युक्ती घराघरांत नेली. युरोपात आणि ब्रिटनमध्ये एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅम ही निकोटिनची कायदेशीर मर्यादा आहे. आपल्याकडे चोरून येणाऱ्या पाकिटांवर बहुधा ‘५ टक्के’ छापलेलं असतं, म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास. आत खरंच किती आहे, हे तपासणारं कुणी नाही.

कारण आपल्याकडे ही वस्तूच बंद आहे. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्राने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, सगळ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदी योग्य की अयोग्य हा वाद मी इथे घालणार नाही. पण तिचा एक परिणाम मी जवळून पाहिला आहे. टपरीच्या खालच्या कप्प्यातून वस्तू मिळत राहते, आणि ती सोडताना मदत मागायची तर आधी गुन्ह्यातल्या वस्तूचं नाव घ्यावं लागतं. वापरणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? हिंजवडीत काम करणारा एक मुलगा मला म्हणाला, “ताई, डॉक्टरकडे गेलो तर पोलिसात जाईल असं वाटायचं.” त्याने सात महिने कुणालाही न सांगता ते सोडायचा प्रयत्न केला. सात महिने!

सोडल्यानंतरच्या पहिल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, ते बहुतेकांना माहीत असतं. निकोटिन रक्तातून साधारण दोन तासांत अर्धं होतं. चिडचिड, डोकं जड होणं, झोप तुटणं, भूक, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतं. निकोटिन पकडणारे मेंदूतले ग्राहक सवयीच्या काळात वाढलेले असतात. तेही सिगारेट सोडणाऱ्यांमध्ये सहा ते बारा आठवड्यांत न ओढणाऱ्यांच्या पातळीला येतात, असं मेंदूच्या चित्रणातून दिसलं आहे. म्हणजे शरीर तीन महिन्यांत आपला हिशेब पुरा करतं.

मग चौथ्या महिन्यात मला पुण्यातल्या नळस्टॉपच्या सिग्नलला रडू का आलं?

त्या सिग्नलला मी रोज थांबायचे. रिक्षात उजव्या बाजूला बसायचे, ओढणी तोंडाशी घ्यायची, आणि दिवा हिरवा होईपर्यंत तीन झुरके. दीड-दोन वर्षं. चौथ्या महिन्यात ऑफिसची जागा बदलल्यामुळे मी बऱ्याच दिवसांनी त्या रस्त्याने जात होते. मनात व्हेपचा विचारही नव्हता. रिक्षा थांबली, दिवा लाल झाला, आणि उजव्या हाताचा अंगठा आपोआप तर्जनीच्या कडेवरून सरकला. जबडा आवळला. छातीच्या मध्यभागी, हाडाच्या मागे, काहीतरी ओढ घेऊ लागलं. तहान लागल्यासारखं, पण पाण्याची नाही. मला वाटलं, संपलं. इतके दिवस आपण स्वतःला फसवत होतो.

२०११ साली अमेरिकी संशोधकांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सिगारेट सोडलेल्या लोकांना सातव्या, चौदाव्या आणि पस्तिसाव्या दिवशी सिगारेटशी जोडलेल्या गोष्टी दाखवल्या. दिवसभर मागे रेंगाळणारी ओढ तोवर कमी होत आलेली असते. पण त्या गोष्टी समोर येताच उसळणारी तलफ पस्तिसाव्या दिवशी सातव्या दिवसापेक्षा जास्त भरली. ती मुरत गेली होती, लोणच्यासारखी. मी हा अभ्यास वाचला तेव्हा खुर्चीतून उठून घरभर फेऱ्या मारल्या. म्हणजे मी कच्ची नव्हते. त्या सिग्नलशी माझी गाठ पडली नव्हती, म्हणून ती गाठ सुटायची राहिली होती, एवढंच.

मी बोलले त्या प्रत्येकाचा असा एक सिग्नल होता. नाशिकच्या एका शिक्षिकेला पेपर तपासताना दर दहा पेपरांनंतर तलफ यायची. एका मुलाला आंघोळीच्या वाफेत. एकाला लोणावळ्याच्या धुक्यात, पावसाळ्यात, गाडीची काच खाली केली की. हे शेवटचं ऐकून मी गप्प झाले, कारण धुकं पाहिलं की मलाही होतं. ढग तोंडातून काढायची सवय असलेल्या माणसाला ढग दिसला की आठवण येणारच. मग पावसाळाभर काय करायचं? सह्याद्रीत राहून धुकं कसं टाळायचं?

आता स्वप्नांकडे येते.

लंडनचे मानसशास्त्रज्ञ पीटर हायेक यांनी १९९१ साली एका सहकाऱ्यासह यावरच एक शोधनिबंध लिहिला. धूम्रपान सोडून एक ते चार आठवडे झालेल्या २९३ जणांना त्यांनी विचारलं. तिघांपैकी एकाला निदान एकदा तरी सिगारेट ओढत असल्याचं स्वप्न पडलं होतं. त्यांतल्या जवळजवळ कुणालाही, ओढत होते त्या काळात, असं स्वप्न पडलेलं नव्हतं. बहुतेक स्वप्नांची गोष्ट एकच: नकळत ओढायला लागतो, मध्येच लक्षात येतं, आणि मग धसका, अपराधीपणा. माझ्या लग्नघरासारखी. वर्षभर सोडून राहिलेल्यांमध्ये असं स्वप्न पडल्याचं सांगणारे ६३ टक्के निघाले. त्यांना सरासरी पाच स्वप्नं पडली होती, आणि त्यांतली जवळजवळ पाव स्वप्नं सहावा महिना उलटल्यावरची.

आणि ज्यांना ही स्वप्नं पडत होती त्यांचं सोडणं पुढे जास्त टिकलेलं दिसलं.

ही ओळ मी वहीत उतरवून घेतली आहे. विचार केला तर ती पटते. ओढत होते तेव्हा मला झुरक्याचं स्वप्न कधीच पडलं नाही, कारण तेव्हा झुरका ही काही घटनाच नव्हती. स्वप्नात दचकायला आधी कुंपण घालावं लागतं. ते ओलांडल्याची भीती वाटते, म्हणजे कुंपण आत खोलवर, झोपेपर्यंत रोवलं गेलंय. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ म्हणतात. माझ्या मनी व्हेप वसत होतं असं मी त्या पहाटे समजले होते. वसत होतं ते सोडणं.

आणि पहाटच का? डोळ्यांची बुबुळं हलतात ती स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात सर्वांत लांब असते. त्या झोपेत मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन भरात असतं, आणि ते ज्या ग्राहकांवर जाऊन बसतं त्यांतल्याच काहींवर निकोटिनही बसतं. निकोटिनचा पट्टा रात्री दंडावर तसाच ठेवून झोपलं की स्वप्नं भडक पडतात, म्हणून ज्यांना त्रास होतो त्यांना डॉक्टर तो झोपताना काढायला सांगतात. सोडण्यासाठी दिल्या जाणाऱ्या व्हॅरेनिक्लिन या गोळीनेही तसंच होतं. लहानपणापासून ऐकलेली ती पहाटेची स्वप्नं आठवतात, कारण त्यांच्यातूनच आपण जागे होतो.

या सगळ्याच्या मुळाशी एक स्वप्नच आहे, हे मला फार उशिरा कळलं. आजची इलेक्ट्रॉनिक सिगारेट घडवली ती होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाने, २००३ साली. तो स्वतः भरपूर ओढायचा, सोडण्यासाठी निकोटिनचे पट्टे लावायचा. एका रात्री पट्टा काढायचा राहिला आणि त्याला स्वप्न पडलं की आपण समुद्रात बुडतोय, गुदमरतोय, आणि एकाएकी ते सगळं पाणी वाफ होऊन गेलं. त्याने मुलाखतींतून ही हकिकत सांगितली आहे. धूर नको, वाफ द्यावी, ही कल्पना तिथून. त्याचे वडील, तेही ओढणारे, फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. त्या माणसाच्या हेतूबद्दल माझ्या मनात राग नाही. पण सोडण्याच्या धडपडीतून पडलेल्या एका स्वप्नाने जन्माला घातलेली वस्तू आज माझ्यासारख्या, कधीच सिगारेट न ओढलेल्या मुलींच्या स्वप्नात येते, याचं दुःख होतं.

मँचेस्टरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाचं उलटं. तो सिगारेटवरून व्हेपवर गेला, तेही तिथल्या आरोग्यसेवेच्या सल्ल्याने. तिथे ते सोडण्याचं साधन आहे, आणि त्याला आधारही आहे: हायेक यांच्याच गटाने २०१९ साली ८८६ जणांवर केलेल्या चाचणीत वर्षाअखेर व्हेपवाल्यांपैकी १८ टक्के सिगारेटमुक्त होते, पट्टा-गमवाल्यांपैकी ९.९ टक्के. पण व्हेपच्या जोरावर सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. माझा भाऊ त्यांच्यासारखाच. १ जून २०२५ पासून ब्रिटनने एकदाच वापरून फेकायची व्हेप बंद केली, तेव्हा त्याने तीही सोडायचं ठरवलं. “सिगारेटचं स्वप्न मला कधी पडलं नाही गं,” तो फोनवर म्हणाला, “आता दोन्ही एकाच वेळी पडतात. एका हातात ही, एका हातात ती.” त्याचा आवाज थकलेला होता. मी त्याला हायेक यांचे आकडे वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, पुन्हा वाच.

पण मला सर्वांत मोठा आधार मिळाला तो आमच्या गावच्या स्वयंपाकघरात.

गाव सातारा जिल्ह्यात. आजी एक्क्याऐंशीची. तिची मिश्री मला लहानपणापासून आठवते. लोखंडी तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, तेव्हा घरभर ठसका उठायचा आणि आम्ही पोरं अंगणात पळायचो. मग ती हाताने चुरून पितळेच्या डबीत भरायची. दिवसातून पाच-सहा वेळा डबी उघडायची, तर्जनीचं टोक बुडवायचं आणि उंबऱ्यावर बसून हिरड्यांवर सावकाश फिरवायचं, डोळे अर्धे मिटून. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या पाहणीत प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक तंबाखू कुठल्या ना कुठल्या रूपात घेत होते, पण ओढणारे फक्त ३.८ टक्के. बाकीची सगळी तंबाखू तोंडात: चुन्यात मळलेली, गुटख्यातली, आणि बायकांच्या मिश्रीतली. तोंडात गालफडाजवळ पांढरा चट्टा दिसला तेव्हा साताऱ्याच्या डॉक्टरांनी आजीला बजावलं आणि तिने सोडली. मी तेव्हा कॉलेजात होते. सोडली म्हणजे सोडली, एवढंच आम्हाला माहीत.

त्या स्वप्नानंतर महिन्याभराने गावी गेले होते. आई शेजारी गेलेली. आजी मेथी निवडत होती. मी काय ओढायचे हे तिला समजावून सांगणं अवघड होतं, तरी सांगितलं. तिने मान वर केली नाही. काड्या एकीकडे, पानं एकीकडे.

“वास येत न्हाई म्हंतीस?”

“नाही.”

“मंग तर लई वंगाळ.” जरा वेळाने म्हणाली, “सुटलं न्हवं?”

“सुटलं. पण आजी, स्वप्नात ओढते मी. पहाटे.”

तेव्हा तिचा हात थांबला. “मलाबी पडायचं की गं. डबी उघडायची, बोट घालायची, तोंडात फिरवायची. आन् मंग ध्येनात यायचं, डाक्टरला काय सांगायचं? रडू फुटायचं बग सपनात. तुज्या आज्याला बी न्हाई सांगितलं कदी.”

“मग काय करायचीस?”

“काय करती? उठायचं. चूळ भरायची. त्वांड सवच्छ हाय बगायचं. आन् म्हशीकडं जायचं.”

“अजून पडतं?”

“दिवाळीच्या टायमाला पडतं कदी कदी. दिवाळीत साफसफाई करताना डबी घावली होती ना मागं.” आणि ती पुन्हा मेथीकडे वळली. तिची उजव्या हाताची तर्जनी मी बघत होते. पानं खुडून झाली की ते बोट अंगठ्यावर एकदा घासायची, सवयीने. इतक्या वर्षांनी.

तिने इतकी वर्षं हे एकटीने वागवलं, याचं मला फार वाईट वाटलं. आणि तितकाच धीरही आला. उंबऱ्यावर मिश्री लावणारी आजी आणि रिक्षात ओढणीआड वाफ सोडणारी नात, आमच्या दोघींच्या मेंदूत एकच रसायन शिरलं होतं आणि दोघींना एकच स्वप्न पडत होतं. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण मला आता खोटी वाटते. खोड गेली होती. तिची सावली तेवढी बोटात राहिली होती.

चूळ भरायची युक्ती मी तशीच उचलली. असं स्वप्न पडलं की खण उपसत बसायचं नाही. उठायचं, चूळ भरायची, जिभेला पाण्याची चव कळू द्यायची. स्वप्नातला गारवा तोंडातून गेला की खरं-खोटं वेगळं होतं. तारीख मोठ्याने म्हणायची. मग शक्यतो पुन्हा झोपायचं नाही, कारण अर्ध्या तासात तोच लग्नमंडप पुढे सुरू होतो.

जागेपणीच्या तलफेला वेगळं काही लागतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लेट तिला लाट म्हणत. लाटेशी झुंजायचं नाही, तिच्यावर तरंगायचं. ती चढते, माथ्यावर येते, आपोआप उतरते. बहुतेक तलफा पाच मिनिटांच्या आत ओसरतात. हे ऐकायला सोपं आहे आणि करायला अवघड, तेव्हा मी कसं करते तेच सांगते. शरीरात ती नेमकी कुठे आहे ते शोधते. आधी जबड्यात. मग घशाच्या मागच्या बाजूला. मग अंगठ्यात. अंगठा घट्ट दाबून धरते, सोडते. आणि श्वास. व्हेप ओढताना आपण दिवसातून कितीतरी वेळा लांब श्वास घेऊन सावकाश सोडत होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तलफेचा एक हिस्सा निकोटिनचा असतो, पण एक हिस्सा त्या लांब उच्छ्वासाचा असतो, आणि तो फुकट आहे. नाकाने चार आकडे आत, ओठांच्या चंबूतून आठ आकडे बाहेर. सिग्नल सुटेपर्यंत.

नळस्टॉपला मी नंतर मुद्दाम जात राहिले. मैत्रिणीला बरोबर घेऊन, आठवड्यातून दोनदा. पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक वेळी अंगठा हलला. आता तिथे मला फक्त रहदारी दिसते. टाळून गाठ सुटत नाही. पण एकटीने, थकलेल्या संध्याकाळी, पोट रिकामं असताना मात्र मी तिकडे गेले नसते. भूक, राग, एकटेपणा, थकवा, यांतलं काहीही असलं की तलफ दुप्पट होते.

ज्यांना शरीराची तगमग सोसवत नाही त्यांनी औषधाला कमीपणा मानू नये. दोन मिलिग्रॅमचा निकोटिन गम साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहिला तर उचक्या आणि मळमळ होते. दोन-चारदा चावून, जिभेला तिखट लागलं की गालात दाबून ठेवायचा असतो. व्हॅरेनिक्लिनची व्हेप सोडू पाहणाऱ्या १६ ते २५ वयाच्या मुलांवर अमेरिकेत चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२५ साली आले: औषध आणि समुपदेशन मिळालेल्यांपैकी ५१ टक्के मुलं उपचाराच्या शेवटच्या महिन्यात पूर्ण दूर राहिली, खोटी गोळी आणि समुपदेशन मिळालेल्यांपैकी १४ टक्के. ती गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. आणि तिने स्वप्नं भडक होतात, हे आधीच कळलेलं असलं तर पहिल्या रात्री माणूस घाबरत नाही. सिगारेट सोडताना कॉफी कमी करा असा सल्ला देतात, कारण धुरामुळे यकृत कॅफिन भराभर जाळत असतं आणि धूर थांबला की तेवढ्याच कॉफीने धडधड होते. व्हेपमध्ये तो धूर नाही, त्यामुळे हे गणित लागू पडत नाही. माझ्या बाबतीत कॉफी सोडायला लावणारा तो सल्ला नुसतीच आणखी एक शिक्षा ठरला.

आणि फोन. सिगारेटच्या पाकिटावर आणि तंबाखूच्या पुडीवर २०१८ पासून एक नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ती २०१६ साली सुरू झाली, आता मुंबईत टाटा मेमोरियलमध्येही केंद्र आहे. व्हेपच्या पाकिटावर तो नंबर नसतो, चोरीच्या मालावर कसा असेल? म्हणून व्हेपवाल्या मुलांना वाटतं, तो आपल्यासाठी नाही. निकोटिन तेच आहे. फोन करावा.

घसरण्याबद्दलही लिहिलं पाहिजे. सोडल्यावर दुसऱ्या महिन्यात, गोव्यात, मित्रमंडळींच्या गराड्यात मी तीन झुरके घेतले. स्वप्नात नाही, खरे. त्यानंतरचे दोन दिवस मी अक्षरशः ओढत होते, कारण आता सगळं गेलंच आहे तर मग काय. या ‘गेलंच आहे’लाच मार्लेट यांनी खरा धोका म्हटलं होतं: घसरल्याने होतं त्याहून जास्त नुकसान घसरल्याच्या शरमेने होतं. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तेव्हापासून आपल्याकडे व्यसनमुक्तीच्या वर्तुळात ‘स्लिप झाली’ हा शब्द रुळला आहे. किती दयाळू शब्द आहे तो. पाय घसरला, माणूस दरीत गेला नाही. तिसऱ्या दिवशी मी ती वस्तू टाकली आणि मोजणी पुन्हा एकपासून धरली. नऊ महिने म्हणते ते तेव्हापासूनचे.

हिंजवडीचा तो मुलगा आता मला कधीमधी पहाटे मेसेज करतो. ‘पडलं’, एवढंच लिहितो. मी लिहिते, ‘चूळ भर’.

गेल्या दिवाळीला गावी होतो. नरकचतुर्दशी, साडेचार-पाचचा सुमार, कडाक्याची थंडी. परसात तांब्याचा बंब पेटवलेला, न्हाणीघरात घंगाळात कढत पाणी ओतलेलं. अंगाला तेल-उटणं लावून मी दाराशी आले आणि आतून वाफेचा मोठा पांढरा ढग उठून अंगावर आला. अंगठा हलला. जबडा. घसा. छातीच्या मागची ती ओढ, वर्ष उलटून गेल्यानंतरची. मी चौकटीला धरून उभी राहिले. नाकाने चार. ओठांतून आठ. माझा उच्छ्वास थंडीत वाफ होऊन निघाला आणि त्या ढगात मिसळला. पुन्हा चार, पुन्हा आठ. परसातून कुणीतरी पहिला फटाका लावला.

“अगं ये, काय करतीयास?” आतून आजीचा आवाज आला. “पाणी निवाया लागलंय.”